बॅस्कमबाईंचा वर्ग

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पहिल्या तासाला मी फळ्यावर काही लिहायचीच नाही. मुलींना एवढंच सांगायची, उद्या येताना घरातला एक दगड घेऊन या. दुसऱ्या दिवशी टेबलावर बाजार भरायचा. कुणी खलातला बत्ता आणायची, कुणी रांगोळीचा शिरगोळा, कुणी तुळशीपाशी ठेवलेला नदीतला गोटा. एखादी हुशार मुलगी सैंधव मिठाचा खडा आणायची आणि इतर जणी हसायच्या. पण तिचंच बरोबर असायचं. सैंधव हे खनिजच, जमिनीतून खणून काढलेलं. पावडरच्या डब्यातलं शंखजिरंही खनिजच, नखाने ओरखडा निघेल इतकं मऊ. स्वयंपाकघर आणि देवघर एवढ्यातच निम्मा अभ्यासक्रम असतो, हे कळलं की मुलींची भीती जायची.

मग कधी ना कधी प्रश्न यायचा. मॅडम, या विषयात सगळी नावं पुरुषांचीच का? पुस्तकात हटन, लायेल, वर्नर. हातोडा घेऊन डोंगरात जाणारी बाई कुणी नाहीच का? तेव्हा मी त्यांना फ्लॉरेन्स बॅस्कम या अमेरिकन बाईंबद्दल सांगायची. आज तुम्हालाही सांगते. कारण भूशास्त्राचा हा पहिल्या वर्षाचा वर्ग, जो आपल्याला अगदी साधा वाटतो, तो मुलींसाठी उघडा राहावा म्हणून एक बाई किती वर्षं चिवटपणे उभी राहिली, ते कळल्याशिवाय त्या वर्गाची किंमत कळत नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १४ जुलै १८६२ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनचा. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. वडील जॉन बॅस्कम कॉलेजात वक्तृत्व शिकवायचे, आई एमा स्वतः शिक्षिका राहिलेली आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी धडपडणारी. १८७४ मध्ये वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि सगळं बिऱ्हाड मॅडिसनला आलं. मुलींनी मुलांच्या बरोबरीने शिकावं असं वडिलांचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी आपल्या विद्यापीठात अमलातही आणलं. तरी लायब्ररी आणि व्यायामशाळा मुलींना वाटेल तेव्हा वापरता येत नसे. अध्यक्षांची मुलगी झाली म्हणून तिला वेगळा नियम नव्हता. फ्लॉरेन्स तिथे शिकली आणि भरपूर शिकली. १८८२ मध्ये एकदम दोन पदव्या, १८८४ मध्ये विज्ञानाची पदवी, १८८७ मध्ये मास्टर्स.

भूशास्त्राकडे ती वळली तीही घरच्याच ओळखीतून. एडवर्ड ऑर्टन हे ओहायोचे मोठे भूशास्त्रज्ञ. वडिलांबरोबर आणि त्यांच्याबरोबर एकदा ती फिरायला गेली, वाटेत डोंगर, दऱ्या, खडकांचे थर यांच्याबद्दल त्या दोघांचं बोलणं झालं आणि मुलीच्या डोक्यात ते बसलं. मला हे फार खरं वाटतं. आपल्याकडेही एसटीच्या खिडकीतून घाट बघताना एखाद्या जाणत्याने नुसतं एवढं सांगितलं की ते बघ, डोंगराला पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर, तर तो घाट पुन्हा कधी पहिल्यासारखा दिसत नाही.

मधल्या काळात तिने नोकऱ्याही केल्या. एक वर्ष व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय समाजाच्या आणि मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेल्या संस्थेत. मास्टर्सनंतर दोन वर्षं इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या मुलींच्या संस्थेत. म्हणजे शिकवण्याची हौस पहिल्यापासूनच. पण तिला पुढे शिकायचं होतं आणि जे शिकायचं होतं ते मिळत होतं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात.

तिथे जॉर्ज हंटिंग्टन विल्यम्स नावाचे तरुण प्राध्यापक होते. जर्मनीत जाऊन ते एक नवी विद्या शिकून आले होते. खडकाचा पातळ तुकडा कापायचा, तो कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने काचेवर चिकटवायचा आणि कठीण पुडीवर घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा. किती पातळ? एक मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. आपल्या केसाच्या साधारण निम्मा. मग तो खास सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वरून काळाभोर, मठ्ठ दिसणारा दगड आतून रंगीत दिसायला लागतो. टेबल फिरवाल तसे रंग बदलतात आणि प्रत्येक खनिज आपापली ओळख सांगतं. प्रॅक्टिकलला पहिल्यांदा ही स्लाइड बघून अगंबाई म्हणाली नाही अशी मुलगी मला आठवत नाही.

फ्लॉरेन्सला ही विद्या हवी होती. पण जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलींना प्रवेश नव्हता. विल्यम्ससरांनी तिची बाजू घेतली आणि विद्यापीठाने एक अडनिडी वाट काढली. तिला तासांना बसू द्यायचं, पण विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवायचं नाही. शिक्षणाची फी घ्यायची नाही, फक्त प्रयोगशाळेचा खर्च घ्यायचा. वरवर बघता सवलत वाटते ना? पण फी नाही म्हणजे पटावर नाव नाही आणि पटावर नाव नाही म्हणजे उद्या कशावरही हक्क नाही. आणि वर्गात तिची जागा कुठे, तर एका कोपऱ्यात, पडद्यामागे. पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

पदवीधर, मास्टर्स झालेली, कॉलेजात शिकवून आलेली, तिशीकडे झुकलेली ही बाई. ती त्या पडद्याआड बसून शिकली. याचा राग यावा की तिच्या सोशिकपणाचं कौतुक करावं, हे मला अजूनही ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही.

तिच्यापुढे एक वाईट उदाहरणही होतं. क्रिस्टीन लॅड-फ्रँकलिन नावाच्या बाईंनी त्याच विद्यापीठात गणिताचं आणि तर्कशास्त्राचं डॉक्टरेटचं सगळं काम १८८२ पर्यंत पुरं केलं होतं. केवळ बाई म्हणून पदवी दिली गेली नाही. ती मिळाली १९२६ मध्ये. तेव्हा त्या ७८ वर्षांच्या होत्या. म्हणजे सगळं शिकूनही फ्लॉरेन्सच्या हातात कागद पडेलच याची खात्री नव्हती. १८९२ मध्ये तिने डॉक्टरेटसाठी रीतसर अर्ज केला आणि तो गाजावाजा न करता मंजूर झाला. १८९३ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. जॉन्स हॉपकिन्सने एका स्त्रीला दिलेली ती पहिली पीएच.डी. भूशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी ती अमेरिकेतली दुसरी स्त्री. पहिल्या मेरी होम्स, मिशिगन विद्यापीठातल्या, १८८८ च्या.

तिच्या प्रबंधाचा विषय सांगायलाच हवा, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. पेनसिल्व्हेनियात साउथ माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथले खडक गाळाचे, म्हणजे पाण्यात माती-वाळू साचून झालेले, असं तोवर धरून चालत असत. फ्लॉरेन्सने ते तपासले आणि दाखवून दिलं की नाही, ही लाव्हा आहे. अतिप्राचीन ज्वालामुखीतून वाहिलेली, पुढे डोंगर घडताना दाबाने आणि उष्णतेने रूप पालटलेली. काकवी ओतताना जशा रेघा पडतात तशा वाहण्याच्या रेघा त्या दगडात होत्या. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकतात, ती पोकळी मागाहून दुसऱ्या खनिजांनी भरते, तेही होतं. काचेसारख्या लाव्हाचे कालांतराने सूक्ष्म स्फटिक झालेले होते. असा मूळ जन्म कळलेला, पण रूप बदललेला खडक ओळखता यावा म्हणून तिने नावापुढे ‘अपो’ लावायची पद्धत सुचवली. ऱ्हायोलाइटचं झालं अपोऱ्हायोलाइट.

अजिंठ्याला गेलेल्या वाचकांनी तिथे विकायला ठेवलेले चमचमते स्फटिकांचे दगड पाहिले असतील. ती याच जातीची गोष्ट. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत वाढलेले स्फटिक. महाराष्ट्राचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर बसलेला आहे. आपला पाटा-वरवंटा आणि जातं, सगळं त्याच काळ्या बेसॉल्टचं. साउथ माउंटनची लाव्हा याहून कितीतरी जुनी, सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वीची आणि जात वेगळी, जास्त घट्ट आणि चिकट. एक गंमत सांगते. तिथल्या मूळ रहिवाशांनी हा दगड हजारो वर्षं आधीच हेरला होता. तो फोडला की धारदार कड येते, म्हणून ते त्याची बाणांची टोकं करत. त्यांना लाव्हा माहीत नसेल, पण दगड माहीत होता.

पीएच.डी.नंतर दोन वर्षं ती ओहायोत शिकवत होती. तिच्या पदवीनंतर वर्षभरातच विल्यम्ससर टायफॉइडने गेले, जेमतेम ३८ वर्षांचे. आणि १८९५ मध्ये तिला ब्रिन मॉर कॉलेजने बोलावलं. इथून पुढे मी तिला बाई म्हणणार, कारण इथून पुढे ती खऱ्या अर्थाने बाई झाली.

ब्रिन मॉर हे फिलाडेल्फियाजवळचं मुलींचं कॉलेज, १८८५ मध्ये सुरू झालेलं. मुलींना थेट पीएच.डी.पर्यंत शिकवायचं, असा त्याचा मान. पण भूशास्त्र तिथे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. विज्ञानासाठी नवी इमारत बांधली होती, तीत इतर शास्त्रांची सोय होती, भूशास्त्राची नव्हती. बॅस्कमबाईंना मिळाली सामान ठेवायची जागा. अडगळीच्या खोलीत काय शिकवणार? ना खनिजं, ना जीवाश्म, ना नकाशे. बाईंनी दोन वर्षांत खनिजांचा, खडकांचा, जीवाश्मांचा संग्रह उभा केला. सूक्ष्मदर्शक आले, पातळ काप आले. ज्यांनी कधी नव्याने प्रयोगशाळा लावली असेल त्यांनाच यातली मेहनत कळेल. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, प्रत्येकाची चिठ्ठी, कुठे सापडला त्याची नोंद. नोंद नसेल तर तो नुसता दगड.

पहिल्या वर्षाच्या भूशास्त्रात काय असतं हे थोडक्यात सांगते, म्हणजे बाई काय उभं करत होत्या ते लक्षात येईल. आधी खनिजं. हातात घ्यायचं, जड की हलकं बघायचं, खरखरीत पांढऱ्या फरशीवर घासून रेघेचा रंग बघायचा, नखाने, नाण्याने, चाकूने ओरखडून कठीणपणा ठरवायचा. मग खडक, तीन कुळांचे: वितळलेल्यातून थिजलेले, गाळ साचून झालेले आणि या दोन्हींचं रूप पालटून झालेले. मग नदी, वारा, हिमनदी हे जमीन कशी कापतात. मग थर, त्यांच्या घड्या, त्यांचे तडे. आणि शेवटी नकाशा. यातलं निम्मं तरी खोलीत बसून शिकता येत नाही. ब्रिन मॉरच्या आसपासच्या प्रदेशात विसाहिकन नावाचा अभ्रकाचा खडक आहे, उन्हात चमकतो, मधूनमधून त्यात गार्नेटचे तांबडे खडे असतात. फिलाडेल्फियातली कितीतरी जुनी घरं त्याच दगडाची. म्हणजे मुलींची प्रयोगशाळा कॉलेजच्या दारातच होती, बाहेर पडायचा अवकाश.

बाहेर पडणं हीच तर खरी मेख. माझ्या नोकरीच्या वर्षांतही सहलीच्या परवानगीचे कागद वाटले की मुलांचे सही होऊन दुसऱ्या दिवशी यायचे आणि मुलींचे तीन-चार यायचेच नाहीत. मुक्काम कुठे, बरोबर कोण, मुलीच्या जातीला डोंगरात काय काम. मी घरोघर जाऊन बोलायची. कधी जमायचं, कधी नाही. ज्या मुली आल्या नाहीत त्या परीक्षेत पास झाल्या, पण खडकाचा कल कसा मोजतात हे त्यांना पुस्तकातल्या चित्रावरूनच समजून घ्यावं लागलं. त्या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतही चित्र फार निराळं नव्हतं. लांब झगे, टोप्या आणि सभ्य घरच्या मुलीने काय करावं याचे ठरलेले नियम. बॅस्कमबाई मुलींना घेऊन प्रत्यक्ष खडकांवर जात. काम कडक, चूक चालायची नाही. बाई फार शिस्तीच्या, विद्यार्थिनींना त्यांचा धाक होता. पण धाक असलेल्या बाईंच्याच तासाला मुली नीट वही घालतात, हेही आपण सगळ्या जणी जाणतो.

आणि मग आलं १८९९ साल. ब्रिन मॉरच्या अध्यक्ष होत्या केरी थॉमस. त्यांनी ठरवलं की भूशास्त्र हा मुख्य विषय राहू नये, नुसता ऐच्छिक असावा. म्हणजे मुलींनी हौस म्हणून एखाद-दुसरा वर्ग करावा, दगड ओळखावेत आणि सोडून द्यावं. पुढची वाट बंद. आता या थॉमसबाई कोण, तर त्यांनीही एकेकाळी जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकायचा प्रयत्न केला होता. १८७७ मध्ये त्यांना नाव घालू दिलं, पण वर्गात बसू दिलं नाही. कंटाळून त्या सोडून गेल्या आणि युरोपात जाऊन झुरिचहून डॉक्टरेट घेऊन आल्या. मुलींना उच्च शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं. अशा बाईकडून हा निर्णय यावा याचं मला फार आश्चर्य वाटतं. पण संस्था चालवणारी आणि विषय चालवणारी यांच्या नजरेत फरक असतो, हे आपल्या गावातल्या मंडळापासून सगळीकडे दिसतं.

बॅस्कमबाईंनी राजीनाम्याची तयारी दाखवली. त्यांच्याकडे दुसरं हत्यार नव्हतंच. वयाच्या ३७ व्या वर्षी, बाई म्हणून भूशास्त्र शिकवायला दुसरीकडे कुठे जागा मिळेल याची शाश्वती नसताना, हातातली नोकरी पणाला लावणं सोपं नव्हतं. प्रश्न त्यांच्या पगाराचाही नव्हता. ऐच्छिक वर्ग घ्यायला त्या राहूच शकल्या असत्या. पण त्यांना स्वतःचा अनुभव होता. आत येऊ देणं वेगळं आणि जागा देणं वेगळं. जॉन्स हॉपकिन्सने त्यांना आत येऊ दिलं होतं, जागा दिली नव्हती. आता त्यांच्या वर्गातल्या मुलींना तेच होणार होतं. वर्गात बसा, पण या रस्त्याला पुढचा मुक्काम नाही. कॉलेजच्या विश्वस्तांनी अखेर बाईंचं ऐकलं आणि भूशास्त्र मुख्य विषय म्हणून राहिलं. बाईही राहिल्या, पुढची २९ वर्षं. बढत्या मात्र सावकाश. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९०६ साल उजाडलं.

कॉलेजच्या सुट्ट्यांत बाई काय करत? नकाशे काढत. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने त्यांना नेमलं. त्या खात्यात भूशास्त्रज्ञ म्हणून नेमलेली ती पहिली स्त्री. उन्हाळाभर पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, न्यू जर्सीच्या भागात पायी, घोड्यावर, घोडागाडीत फिरून खडक पाहायचे. उघडा पडलेला प्रत्येक खडक, रेल्वेची प्रत्येक खोदाई, प्रत्येक खाण. कौलारू छपराचं आढं कुठल्या दिशेला धावतं आणि उतार किती, तसं प्रत्येक थराचं मोजायचं. हिवाळ्यात त्याचे पातळ काप तपासायचे, लिहायचं आणि वर्ग तर चालूच. फिलाडेल्फियाचा आणि ट्रेंटनचा नकाशासंच १९०९ मध्ये निघाला, एल्कटन-विल्मिंग्टनचा १९२० मध्ये. विहिरीला पाणी कुठे लागेल, बांधकामाचा दगड कुठे मिळेल, हे अशा नकाशांवरून कळतं.

१९०६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांची एक सूची निघाली, तीत प्रत्येक शास्त्रातल्या अव्वल लोकांच्या नावापुढे तारा होता. बॅस्कमबाईंच्या नावापुढे तो होता. सूचीचं नाव मात्र ‘अमेरिकन मेन ऑफ सायन्स’! त्याच सुमाराला त्या वर्षभर जर्मनीत हायडेलबर्गला जाऊन स्फटिकशास्त्र शिकून आल्या. प्राध्यापक झाल्यावर पुन्हा विद्यार्थिनी. आणि हे सगळं, नकाशे, सरकारी नेमणूक, तारा, मिळवलेल्या या बाईंना देशात मत द्यायचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी.

लग्न केलं नाही त्यांनी. आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारतात म्हणून सांगितलं.

त्यांच्या वर्गातून कोण निघालं ते बघा. इडा ओगिल्व्हीने न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात भूशास्त्राचा विभाग सुरू केला. एलिनोरा ब्लिस आणि ॲना जोनस या दोघी मैत्रिणींनी मिळून प्रबंधाचं काम केलं, १९१२ मध्ये दोघींना डॉक्टरेट आणि पुढे दोघी सरकारी सर्वेक्षणात. एलिनोरा लग्नानंतर नॉफ झाली, नवरा येल विद्यापीठात प्राध्यापक. तिला तिथे रीतसर जागा नव्हती, तरी खडकातल्या कणांची मांडणी वाचण्याचं नवं तंत्र तिनेच अमेरिकेत रुजवलं. १९३७ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या ११ स्त्री फेलोंपैकी ८ जणी ब्रिन मॉरच्या होत्या. अडगळीच्या खोलीत सुरू झालेल्या वर्गाचा हा हिशेब.

सगळं गोडच झालं असं मात्र नाही. एलिनोरा आणि ॲना पुढे त्याच प्रदेशावर काम करू लागल्या, ज्यावर बाईंनी आयुष्य घातलं होतं. विसाहिकनच्या त्या चमकत्या खडकाचं वय काय, त्याची रचना कशी, यावर त्यांची मतं बाईंपेक्षा वेगळी निघाली. वाद चांगलाच चिघळला. आपण हात धरून ज्यांना पहिला दगड ओळखायला शिकवलं त्यांनीच आपला नकाशा खोडावा, हे पचायला जड जातं. बाईंना ते जड गेलं. खरं तर दगडाचं ऐका, बाईंचं नको, हेच त्यांनी वर्गात शिकवलं होतं. पुढे खंड सरकतात, एकमेकांवर आदळतात हे शास्त्र १९६० च्या दशकात पक्कं झालं, तेव्हा त्या भागाचा विचार पुन्हा नव्याने झाला आणि दोन्ही बाजूंचं बरंच काही बदललं.

बाई १९२८ मध्ये निवृत्त झाल्या. नकाशे थांबले नाहीत. १९३० मध्ये त्या अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या उपाध्यक्ष झाल्या. क्वेकरटाउन-डॉइल्सटाउनचा संच १९३१ मध्ये आला आणि हनी ब्रूक-फिनिक्सव्हिलचा १९३८ मध्ये. तेव्हा बाईंचं वय होतं ७६. शेवटची वर्षं त्या मॅसॅच्युसेट्समधल्या हूसॅक डोंगरावरच्या आपल्या शेतावर राहिल्या.

आणखी एका विद्यार्थिनीबद्दल सांगायचं राहिलं. ज्युलिया गार्डनर. ब्रिन मॉरची १९०५ ची पदवीधर. ती पीएच.डी.साठी गेली जॉन्स हॉपकिन्सलाच. १९०७ मध्ये तिथल्या वरच्या वर्गांची दारं मुलींना उघडली होती आणि ज्युलियाला १९११ मध्ये रीतसर पदवी मिळाली. पडदा नाही, गुपचूप मंजुरी नाही. तिने शिंपल्यांचे जीवाश्म हा विषय धरला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जपानने मोठे फुगे सोडून त्यांना बांधलेले बॉम्ब अमेरिकेवर पाठवले. फुगे नेमके कुठून सुटतात हे कळेना. फुग्यांना वजन म्हणून बांधलेल्या पिशव्यांत वाळू होती. ती भूशास्त्रज्ञांच्या एका तुकडीकडे आली आणि वाळूतले कण, सूक्ष्म जीवांचे अवशेष आणि शिंपल्यांचे तुकडे तपासून ती जपानच्या कोणत्या किनाऱ्यावरची असावी याचा माग लावला गेला. त्या तुकडीत ज्युलिया होती.

त्याच वर्षी, १८ जून १९४५ रोजी, फ्लॉरेन्स बॅस्कम गेल्या. वय ८२. त्यांना विल्यम्सटाउनलाच पुरलं, जिथे जन्म झाला तिथेच. शुक्र ग्रहावरच्या जवळजवळ सगळ्या जागांना स्त्रियांची नावं द्यायची पद्धत आहे. तिथल्या एका विवराचं नाव बॅस्कम आहे. शुक्राची बहुतेक जमीन लाव्हाची.